शंभरावं पाखरू

दोन गोऱ्या साहेबांत पैज लागली, एका दिवसात शंभर जातीची पाखरं कोण मोजतो. हौस त्यांची, वेठ आमची. पाखरं ओळखतो म्हणून त्यातल्या एका साहेबासाठी किन्हीराजाच्या जगदेवला कोतवालानं वावरातल्या मचाणावरून गोफणीसकट खाली उतरवलं.

"ज्वारी हुरड्यात आली जी. राखन कोन करते?"

"साहेबापक्षा तुही ज्वारी मोठी हाय काय बे?"

दिवस कलला तेव्हा नव्व्याण्णव जाती झाल्या होत्या. परतीच्या वाटेवर एका वावरात भोरड्यांचा गुलाबी थवा कणसांवर तुटून पडलेला दिसला. जगदेवनं गोफण उचलली, तर कोतवालानं हातच धरला. "मोजू दे साहेबाले!"

साहेबानं आनंदानं टोपी उडवली. "शाबाश! इदर इतना पाखरू कैसा?"

 

"इथला राखनदार सकाळपासून तुमच्यासंग हाय ना, साहेब."