वाकडे बोट

सासूबाई घरात नाहीत याची खात्री करून घेऊन संस्कृती परसातल्या मांडवाखाली शिरली. संध्याकाळ होताच दुधीची पांढरी फुले उमलू लागली होती. रतनबाई शेजारी अख्तरीकडे गेल्या होत्या. तिथे एकदा बसल्या की तासाभराची निश्चिंती असे.

रतनबाईंनी तिसगावहून, माहेरातून आणलेले हे बी पन्नास वर्षे टिकले होते. यंदा त्यातले एकच उगवले. वेल मांडवभर पसरला; पण फुलांमागचे बोटभर भोपळे पिवळे पडून गळत होते. एकही धरला नाही तर बी संपणार होते. कोणीतरी बोट दाखवले, असा रतनबाईंचा निवाडा होता. कोवळ्या भोपळ्याकडे सरळ बोट केले की तो सडतो. म्हणून घरात सगळे वेलाकडे बोट वाकवूनच दाखवत. चुकून सरळ बोट दाखवणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी स्वतःचे बोट चावायला लावले होते.

नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलापर्यंत पोहोचत नसावा, असे शेतकी शिकलेल्या संस्कृतीने एकदा सुचवून पाहिले होते. त्यावर, शिक्षण शेतात दाखवावे, परसात नाही, असे उत्तर मिळाले होते.

तिने नराचे फूल खुडले, पाकळ्या मागे सारल्या आणि ते मादीच्या फुलावर हलकेच फिरवले.

"काय चाललंय गं?"

रतनबाई मागे उभ्या होत्या. हातातले फूल लपवण्यात आता अर्थ नव्हता. आठवडाभर रोज येते, असे संस्कृतीने सांगून टाकले. मग कोपऱ्यातली मोठी पाने बाजूला करून तिने दाखवले, अर्थात बोट वाकवून. आत वीतभर भोपळा लटकत होता. हिरवागार, लवदार, टणक.

रतनबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग ताठ उभ्या राहून त्यांनी कुंपणापलीकडे हाक दिली.

"अख्तरी, धरला गं! सांगत न्हवते, कुनी बोट दावू नका म्हनून?"

"तुमची सून रोज फुलं घिऊन काय करती मंग?" पलीकडून अख्तरी हसत म्हणाली. "मी बघतेय की आठ दिस."

रतनबाईंनी ते ऐकलेच नाही. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून आणून त्यांनी भोपळ्याच्या देठाला बांधली. हा बियाला राहणार होता, याला कोणी हात लावायचा नव्हता. मग वळून त्या मांडवाकडे पाहू लागल्या.

"अंधार व्हायच्या आत उरक," त्या सुनेला म्हणाल्या. "ती वरची फुलं राह्यली."

आणि त्यांनी बोट वाकवून वर दाखवले.