पेलाभर पाऊस

"पाऊस मोजायच्या डब्यात मीच पाणी ओतू?" आईनं विचारलं.

ती ठार बहिरी, फोनचा उपयोग नव्हता. म्हणून हेमांगीनं देवरुखच्या अंगणातला तो डबा कॉम्प्युटरमार्फत इंटरनेटला जोडला होता. तिनं पाटीवर लिहिलं, 'रोज सकाळी पेलाभर. मला नागपुरात दिसेल.'

"म्हणजे मी आहे, एवढंच ना?" आई हसली.

उन्हाळाभर पडद्यावर पेलाभर पाऊस दिसला की मगच हेमांगी सकाळचा चहा घ्यायची.

आषाढात पावसानं कोकण झोडपलं. आकडे चढत राहिले आणि तिचा चहा वेळेवर होत राहिला.

उघडीप झाली त्या सकाळी पडद्यावर शून्यच राहिलं.

तिच्या फोनवरून शेजाऱ्यांनी दार फोडलं. "काकूंना जाऊन चार दिवस तरी झाले असतील गं."

हेमांगी आकडे वरखाली करत राहिली. आईचा शेवटचा पेला त्यांत कुठे बुडाला, ते सापडेना.