थोडं म्हणजे किती

मिर्ताबाई खुर्चीत टेकल्या, तरी निल्दा उभीच राहिली. टेबलावर नुकत्याच तळलेल्या एम्पानादांचं ताट होतं, आत खिमा, वर कुरकुरीत पापुद्रा. एके काळी या एम्पानादांसाठी निल्दाची लेक अरासेली कढईपाशी घुटमळायची. आता ती पंधरा वर्षांची पोर खुर्ची ताटापासून लांब ओढून बसली होती. एन्कार्नासिओन शहराच्या ऐन उन्हाळ्यातही अंगात स्वेटर होता. वर दिसणारी गळ्याची हाडं निल्दाला बघवत नव्हती.

वजन आणखी उतरलं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. ऑटिझम हा शब्दही या घरात त्यांनीच पहिल्यांदा आणला. त्यांनी अरासेलीला विचारलं होतं, "तुला बारीक व्हायचंय का?"

"नाही. शाळेत मिर्ताबाईंनी सांगितलंय, तळलेलं वाईट. साखर वाईट. पाव वाईट."

म्हणून निल्दा आज मिर्ताबाईंनाच घरी घेऊन आली होती.

"अगं, तो आरोग्याचा तास होता," मिर्ताबाई हसून म्हणाल्या. "मी आपलं सगळ्या वर्गाला सांगितलं."

"खोटं सांगितलं?"

"खोटं नाही गं. पण इतकं मनावर घ्यायचं नसतं."

"हे तेव्हा सांगितलं नव्हतं."

बाईंचं हसू मावळलं. निल्दाने दिलेला थंड तेरेरेचा पेला त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

"बरं, आता सांगते. सगळं खायचं, थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"भूक असेल तेवढं."

"भूक कशी कळते?"

मिर्ताबाईंनी निल्दाकडे पाहिलं. निल्दाला आठवलं. तान्ही असतानाही ही पोर दुधासाठी रडली नव्हती. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी बाळ तुझं. आणि निल्दा सुखावायची.

"ते मला नाही सांगता यायचं," बाई हळूच म्हणाल्या. "आईला विचार."

अरासेली आईकडे वळली आणि वाट पाहू लागली.

तोंडातून जाईल तो आकडा आता काळ्या दगडावरची रेघ होणार, हे निल्दाला ठाऊक होतं. कमी सांगितला तर पोर हातची जाईल. जास्त सांगितला तर उठेल, खोलीत जाईल, आतून कडी लावेल.

"दोन," ती म्हणाली. "आज दोन. उद्याचं उद्या सांगेन."

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर तुला सगळ्यांत आधी सांगेन. मी स्वतः."

बाईंनी पेला खाली ठेवला. मग अरासेलीने ताट पुढे ओढलं, एक एम्पानादा उचलली आणि कडेचा तुकडा तोडला. तेलाचा ओघळ बोटांवरून खाली उतरला. पुसायला निल्दाचा हात फडक्याकडे गेला, आणि मध्येच थांबला.