एक तास अठ्ठावन्न

शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी लावलेल्या पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं आणि नावापुढे एक तास अठ्ठावन्न मिनिटं एकेचाळीस सेकंद. तिने डोळ्यांतला घाम पुसून पुन्हा वाचलं. नवरा तर अजून रस्त्यातच होता. एकवीस किलोमीटरपैकी तेरावा-चौदावा चालू असेल, तोही धावत असेल तर.

तिच्या नावापुढे नुसती आडवी रेघ होती.

मग तिने मान खाली घालून छातीवरचा नंबर वाचला. शेवटचा आकडा आठ होता. तिचा नंबर सातचा. आठचा नवऱ्याचा.

वेळ मोजणारी पट्टी त्या नंबराच्या मागेच चिकटवलेली असते. पळतंय कोण, हे पट्टीला काय कळणार? बाकी सगळ्या जगाने नंबर पिनांनी लावले होते. हिचा नवरा पडला शिंपी. पिनांनी कापडाला भोकं पडतात म्हणून त्याने दोघांचे नंबर शर्टांवर शिवून टाकले होते, चारी बाजूंनी, बारीक टाक्यांनी. टाके असे सुबक की बघत राहावं. फक्त तिचा नंबर त्याच्या शर्टावर आणि त्याचा तिच्या शर्टावर शिवला गेला होता.

तीन वर्षं ती दोन तासांच्या मागे लागली होती. पहिल्या वर्षी चार मिनिटं जास्त लागली, दुसऱ्या वर्षी एक, गेल्या वर्षी नऊ सेकंद. नऊ सेकंदांत बुटाची नाडीही धड बांधून होत नाही. औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहून ती रोज पहाटे पळत आली होती, ते या एका आकड्यासाठी. आणि तो आकडा आता नवऱ्याच्या नावापुढे ऐटीत बसला होता.

कमरेच्या पिशवीत फोन वाजला. धाकटा दीर होता.

"वहिनी, दादाने तर कमाल केली. मी इथे फोनवर बघतोय, एक अठ्ठावन्न. त्याच्यात एवढा दम कुठून आला? आणि तुम्ही कुठे राहिलात?"

"नंतर बोलते," म्हणून तिने फोन ठेवला.

चौकशीच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. तिने हाताची घडी घालून गळ्यातल्या पदकाखालचा नंबर झाकला.

"समजा, नवरा-बायकोचे नंबर चुकून बदलले, तर काय करतात?"

"समजा कशाला? दरवर्षी एखादी जोडी येतेच," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नंबरावर पळलं की दोघंही बाद. वेळ जाते, यादीतलं नाव जातं, पदकही परत घेतो आम्ही. तुमचा नंबर काय?"

"मी आपलं सहज विचारलं."

ती परत शेवटच्या रेषेपाशी आली. बसवेना, उभंही राहवेना. पाण्याच्या टेबलापर्यंत जायची, पाणी न पिताच परत यायची. आधी नवऱ्याचा राग आला. मग त्या रागाचा राग आला. तो कधी बस पकडायला पळाला नव्हता. 'तू एकटी कशाला जातेस' म्हणून सहा महिने तिच्या मागून धापा टाकत आला होता. तीन तासांनंतर येणाऱ्याला पदक देत नाहीत. दोन तास पन्नास मिनिटं झाली तरी तो दिसेना, तेव्हा ती आपला आकडा विसरून रस्त्याकडे बघत राहिली.

दोन तास छप्पन्नला तो आला. लंगडत, तोंड उघडं टाकून. एका मुलीने त्याच्या गळ्यात पदक घातलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"शाळेत लिंबू-चमच्यातसुद्धा मला कधी काही मिळालं नाही," तो म्हणाला. आणि लगेच, "तुझं झालं का? दोनच्या आत?"

"झालं. एक अठ्ठावन्न."

त्याचे डोळे भरून आले. "चल, दाखव मला पडद्यावर."

"पडद्यावर काय बघायचंय? घरी चला, पाय बघा तुमचे."

पण तो निघालासुद्धा. पडद्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने आपल्या छातीकडे पाहिलं, तिच्या छातीकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने परत आणलेल्या कपड्यावरून फिरवावं तसं तिच्या नंबराच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे मी केलं."

"होतं असं. मी विचारून आले. सांगितलं तर दोघंही बाद. तुमचं पदकही जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर एक अठ्ठावन्न तुमचे. घरातल्या घरातच राहिले ना." तिने हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

"दुसऱ्याच्या मापाचं घालून मिरवू का मी?" तो म्हणाला, आणि चौकशीच्या टेबलाशी जाऊन त्याने गळ्यातलं पदक काढून ठेवलं. तिनेही आपलं त्याच्या शेजारी ठेवलं.

गृहस्थांनी दोन्ही नंबर टाइप केले आणि दोनदा बटण दाबलं. पडद्यावरची खालची नावं वर सरकली. जागा लगेच भरून निघाली. आपण रडू, असं तिला वाटलं होतं. पण रडू आलं नाही.

पुन्हा फोन वाजला. दीरच होता. या वेळी नवऱ्याने तो तिच्या हातातून घेतला.

"हो, एक अठ्ठावन्नच. पण ती वेळ माझी नव्हे. तुझ्या वहिनीची."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही रे, लिहिलेलं कुठेच नाही," तो म्हणाला. "मी सांगतोय ना."