बाकाची झीज

पुठ्ठ्याचं स्टेशन पूर्ण झाल्यावर त्याने काडेपेटीच्या काड्यांचा बाक करून फलाटावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी बाकाचं डावं टोक झिजलं होतं आणि खाली खसखशीएवढी शेंगांची टरफलं पडली होती.

"अहो, टरफलंसुद्धा? हात आहेत की काय!" बायको म्हणाली.

"जमतं थोडंफार," तो म्हणाला. त्याचे कान तापले.

टरफलं त्याची नव्हतीच. खऱ्या स्टेशनवरच्या अशाच एका बाकावर त्याचे वडील, आप्पा, शेंगा सोलत तीन तास त्याची वाट बघत बसले होते. "आप्पा, कार पंक्चर झालीय, निघतोच," असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा तो घरी बसून पुठ्ठ्याच्या एका इवल्या खिडकीला गज लावत होता. "सावकाश ये रे, मी बसलोय," आप्पा म्हणाले होते. आता आप्पा नाहीत.

त्याने बाक तीनदा रंगवला. झीज परत आली, टरफलं वाढत गेली. शेवटी शरमेने त्याने एक छोटी कार केली आणि स्टेशनच्या दारात उभी केली.

"चला आप्पा," तो पुटपुटला.

"कोणाशी बोलताय?"

"स्टेशनमास्तरशी."

सकाळी कार एका बाजूला कलली होती. मागचं टायर पार बसलं होतं.

ते त्याने भरीव लाकडातून कोरलं होतं.