मुठीचं माप

डबा सुतळीनं बांधलेला होता. कागद कापणाऱ्यानं गाठ सोडली, तसं झाकण आपोआप वर आलं आणि उकडलेले चार-सहा हरभरे टेबलावर घरंगळले.

"आठवडा झाला बघतेय," बाइंडिंगच्या टेबलावरून मावशी म्हणाल्या. "फूटपट्टी, घरी घोडा पाळलाय का?"

छापखान्यात त्याला सगळे फूटपट्टीच म्हणत. स्टीलची सहा इंची पट्टी कायम खिशात. पट्टी लावल्याशिवाय हा चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही, अशी त्याची ख्याती होती.

"झाकण बिघडलंय," तो म्हणाला. "पकडीनं दोनदा काठ सरळ केला. तरी बसत नाही."

पावणेचार झाले होते. चारला फोरमन येणार होता.

मागच्या सोमवारी याच वेळेला मशीनसमोर उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. गठ्ठा तिरका सरकला, पातं खाली आलं आणि पाचशे कॅलेंडरांमधली डिसेंबरची एकतीस तारीख कचऱ्यात गेली. फोरमननं आरडाओरडा केला नाही. "काका, तारीख पुन्हा छापता येते," एवढंच म्हणाला. "बोट गेलं तर मी काय छापून देऊ? पुढच्या सोमवारी चारला मी स्वतः येऊन उभा राहीन. मान पडली, तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगला."

सव्वीस वर्षं तो त्या मशीनवर होता. बायको जाऊन चार महिने झाले होते, आणि ते चार महिने त्यानं चहा-बिस्किटांवर काढले होते. त्या सोमवारी घरी गेल्यावर त्यानं बिस्किटांचा पुडा बाजूला सारला आणि फळीवरची हरभऱ्यांची बरणी खाली काढली. बरणीवर तिच्या हातची चिठ्ठी होती. एक मूठ भिजवणे. सकाळी उकडणे. चारला खाणे.

तेव्हापासून सकाळी अंडं आणि रताळं, दुपारी डाळ-भात, आणि चारला हे.

"फरक पडला का काही?" मावशींनी विचारलं.

"जांभई येते. पण डोळा लागत नाही."

"मग झालं तर. पण एवढे कशाला आणायचे? डबा बघा केवढा, हरभरे बघा केवढे."

"एक मूठच भिजवतो. चिठ्ठीत लिहिलंय तसं. एक दाणा जास्त नाही."

मावशींच्या हातातली सुई थांबली.

"कुणाची मूठ?"

"म्हणजे?"

"अहो, मूठ कुणाची म्हणते मी. वहिनींचा हात केवढासा होता! बांगड्या लहान मुलींच्या मापाच्या आणायच्या त्या. तुमचा पंजा म्हणजे फावडं. झाकणाला काय बडवताय?"

त्यानं उजवा हात पुढे धरला आणि मूठ मिटून तिच्याकडे पाहत राहिला. एकदा तो बायकोला म्हणाला होता, मूठ हे काय माप झालं? आणि ती म्हणाली होती, माझं आहे.

त्यानं डब्यातले थोडे हरभरे डाव्या तळहातावर काढले आणि झाकण लावून पाहिलं. बसेना. आणखी थोडे काढले. बसेना. आणखी दोन-चार काढले, आणि झाकण टक् करून बसलं. पट्टी खिशातच राहिली.

"हे तुम्ही घ्या," त्यानं तळहात मावशींपुढे केला.

"घोड्याचा खुराक मला?" असं म्हणत मावशींनी ते घेतले आणि खायलाही लागल्या.

मग त्यानं झाकण उघडलं आणि डब्यातले हरभरे एकेक करून सालासकट चावून खाल्ले. सगळे. डब्याच्या तळाशी उरलेलं पाणीसुद्धा प्याला.

बरोबर चारला फोरमन आला. हाताची घडी घालून मशीनशेजारी उभा राहिला. कागद कापणाऱ्यानं डिसेंबरचा नवा गठ्ठा उचलला, झटकून त्याच्या कडा जुळवल्या, मागे टेकवला, दाब दिला. दोन्ही हात दोन बटणांवर ठेवले. फोरमनची नजर कागदावर नव्हती, त्याच्या डोळ्यांवर होती. पातं खाली आलं, वर गेलं. दुसरा गठ्ठा. तिसरा. सव्वाचार झाले, साडेचार झाले. एकदा मोठी जांभई आली तेव्हा त्यानं बटणांवरचे हात काढले, जांभई पुरी केली आणि मग हात परत ठेवले.

फोरमननं सर्वांत खालचा कागद ओढून घेतला. कोपऱ्यात एकतीस होती. तिच्याखाली पांढरी पट्टी, सगळीकडे सारखी.

"आला बाबा महिना पुरा," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "काका, घेता काय हल्ली?"

"त्यांना काय विचारतोस," मावशी तिकडून म्हणाल्या. "चिठ्ठी वहिनींची आहे."

फोरमन हसला, मान हलवली आणि निघून गेला.

सुटी झाल्यावर त्यानं नळाखाली डबा विसळला, पालथा करून झटकला. सुतळी गुंडाळून पिशवीत टाकायला निघाला होता, ती त्यानं मावशींच्या टेबलावर ठेवून दिली.

आज हरभरे भिजवायचे तर माप हवं होतं. तो नळापाशीच थांबला आणि ओल्या हाताची मूठ वळून बघितली. मोठी वाटली. अंगठा आत घेतला, आणखी आवळली. बोटं पांढरी पडली, नखं तळव्यात रुतली. डबा जवळ धरून, ती मूठ त्यात जाते का, हे त्यानं पाहिलं.

बायकोच्या मुठीएवढी होईना.