दोघांचं ताट

या मायबाप, जवळ सरका, एक गोष्ट सांगतो.

मिरजेच्या रघुवीररावांच्या घरचा डिशवॉशर ताटाला लागलेल्या लाळेवरून माणसाचा आजार ओळखायचा. एका दुपारी तो म्हणाला, "रघुवीरराव, तुमच्या यकृतात गाठ आहे." डॉक्टरांनी त्यांना तीनदा तपासलं, काहीच निघालं नाही.

"मेलं चहाटळ यंत्र! गप्प करा हो त्याला," त्यांची बायको कुमुद हसून म्हणाली. त्यांनी त्याचं बोलणं बंदच केलं.

सात महिन्यांनी कुमुद यकृताच्या गाठीनेच गेली. चाळीस वर्षं ती रीतीप्रमाणे नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. यंत्राला ते ताट एकट्या रघुवीररावांचं वाटलं.

"तू वेगळं घे, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं," एवढंच ते आता म्हणतात.

आज जेवायला बसाल, तेव्हा त्या कुमुदमाउलीची आठवण काढा.